नुसता निकाल बघायचाय

जिन्याखालच्या कपाटात आयवारचं यंत्र आहे.
पूर्वी तिथे बटाटे असायचे.
आता दोनशे बारा माणसं राहतात
आणि वर, दोरीवर, माझे मोजे वाळतात.
ऊब फुकट का घालवा.

मी नाही त्यात. माझं खातं बँकेत आहे, तेवढं पुरे.
पण जेवताना तो वाचून दाखवतो,
त्यामुळे सगळी मंडळी मला ठाऊक.
या जाळ्याला म्हणे मालक नाही.
आमच्या हियुमा बेटावर हे एक कपाट,
तसं कुणाचं ब्रेमेनला, कुणाचं पार वाल्पाराइसोला;
कपाट कपाटाशी बोलतं,
मधे दुकानदार नाही.
मी विचारलं, मग केर कोण काढतं?
तो म्हणाला, मी,
आणि सूप भुरकू लागला.

कौल लावतात. देवाला नाही, एकमेकांनाच.
लीलोने विचारलं: बटाट्याची साल
उकडण्याआधी काढायची की नंतर?
एक्केचाळीस मतं, चोवीस तासांची मुदत,
आणि कुरेसारेचा एक होड्या रंगवणारा एवढा चिडला
की तीन दिवस कुणाशी बोलला नाही.
परवा कुणीतरी: घरातून निघाल्यावर
शेगडी बघायला किती वेळा परत येता?
एकदा. दोनदा. पार फाटकापासून.
आणि चौथा पर्याय, तो ठरलेलाच:
मला नुसता निकाल बघायचाय.

लग्नाच्या दिवशी मला कुणी सांगितलं नव्हतं
की असाही एक पर्याय असतो.

फेब्रुवारीत यंत्र खोकायला लागलं.
आयवार रात्री उठून खाली जायचा,
तिसरी पायरी करकरायची,
मी डोळे मिटून मोजायचे किती वेळ बसतो ते.
मग एकदा त्यानेच कौल लावला:
डिस्क म्हातारी झाली. माझे गुडघेही. बंद करू?
करा.
नका करू.
मी सांभाळतो, माझ्याकडे द्या.
नुसता निकाल बघायचाय.

आठवडा गेला.
करा, दोन.
नका करू, एकोणतीस.
माझ्याकडे द्या, शून्य.
बघणारे अठ्ठ्याण्णव.
घंटा ऐकायला गाव, दोर ओढायला कुणी नाही,
मी म्हटलं. तो काही बोलला नाही.
पावाचा तुकडा वाटीभोवती फिरवत राहिला.

रविवारी पहिल्या बोटीने एक पोरगा आला.
उंच, नाक लाल, पोटाशी पुठ्ठ्याचं खोकं.
दारातच उभा. बूट काढ म्हटल्यावर बूट काढले.
नाव टाउरी. म्हणाला, मी चौथ्यातला.
मत कुणाचं ते कुणाला दिसत नाही, माहीत होतं,
तरी तिसऱ्यावर बोट टेकवेना.
खोक्यात नवी डिस्क होती
आणि त्याच्या आईने दिलेला राईचा पाव, अजून कोमट,
की त्याने छातीशी धरला म्हणून, कोण जाणे.

दोघे कपाटात शिरले.
बाहेर नुसते दोन पार्श्वभाग आणि एक पेचकस.
बंद करण्याबद्दल अवाक्षर नाही.
पोरगा म्हणाला, साल नंतर.
आयवार म्हणाला, आधी, नेहमीच आधी, वेडा आहेस का.

चार तास यंत्र बंद होतं.
दोनशे बारा माणसं तेवढा वेळ कुठेच नव्हती.
घर इतकं गप्प झालं
की नऊ वर्षं मी एक घरघर ऐकत होते
हे मला तेव्हा कळलं,
शेजारचा कुत्रा गेल्यावर कळतं तसं.

हिरवा दिवा लागला. पहिला निरोप वाल्पाराइसोहून:
आहात का?
पोरग्याला शेवटची बोट गाठायची होती, तरी जेवून जा म्हटलं.
अर्धे बटाटे मी सोलून टाकले पातेल्यात,
अर्धे सालीसकट.
दोघांनी न बघता खाल्ले.

मोजे मात्र दुसऱ्या दिवशीही दमट होते.